आजी-आजोबांकडे वाढणाऱ्या लेकरांच्या मनाचे काय? खान्देशातील अनुभव हवे आहेत

तापीकाठची_सून

नमस्कार. मी आणि माझे यजमान चाकणच्या औद्योगिक वसाहतीत दोन वेगवेगळ्या कारखान्यांत काम करतो आणि दोघांच्याही पाळ्या दर आठवड्याला बदलतात. मुलगी चार वर्षांची होईपर्यंत आम्ही कशीबशी ओढाताण केली. पाळणाघर संध्याकाळी ७ वाजता बंद होत असे आणि दुसऱ्या पाळीतून मला घरी पोहोचायला रात्रीचे साडेबारा वाजत. शेवटी तिला चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावी सासू-सासऱ्यांकडे ठेवले. आता ती साडेसात वर्षांची आहे आणि दुसरीची परीक्षा तिने नुकतीच दिली आहे.

तिच्या खाण्यापिण्यात, कपड्यालत्त्यात, लाडाकोडात काडीची उणीव नाही. कळण्याच्या भाकरीवर लोणी घालून सासूबाई अजून तिला स्वतःच्या हाताने भरवतात. सासरे तिला शाळेत सोडायला आणि आणायला जातात. ती सासूबाईंना ‘माय’ म्हणते आणि मला ‘मम्मी’. फोनवर मात्र ‘हो, जेवली, हो, अभ्यास केला’ एवढे बोलून ती फोन मायच्या हातात देते.

यंदा आखाजीला (अक्षय तृतीयेला) आम्ही रात्रीच्या गाडीने निघून पहाटे गावी पोहोचलो, तेव्हा ती जागीच होती. माजघरातल्या कोठीमागे उभी राहून ती आमच्याकडे बघत राहिली, पण पुढे आली नाही. तिसऱ्या दिवशी ती माझ्या मांडीवर येऊन बसली आणि चौथ्या दिवशी आम्हाला निघायचे होते. ती रडेल म्हणून घरातल्या सर्वांनी सुचवले की शेजारच्या निंबावरच्या झोक्यावर पोरींमध्ये ती गुंगली आहे, तोवर निघून जावे. आम्ही मागच्या दाराने निघालो. त्या रात्रीपासून ती अंथरूण ओले करू लागली आहे. गेली तीन वर्षे हा त्रास तिला मुळीच नव्हता. शिवाय झोपताना ती सासूबाईंच्या लुगड्याचा पदर आपल्या फ्रॉकच्या नाडीला बांधून मागते. गाठ बांधल्याशिवाय ती डोळे मिटत नाही.

काही नातेवाईक म्हणतात की दोन आठवड्यांत ती सगळे विसरेल. काही म्हणतात की तिला आता चाकणला घेऊन जा. माझे मन दोन्हीकडे ओढले जाते. जे स्वतः आजी-आजोबांकडे वाढले, ज्यांनी नातवंडे वाढवली किंवा जे मुलांसोबत काम करतात, त्यांनी कृपया लिहावे. मला दोष दिला तरी चालेल, पण तिच्या मनात काय चालले असेल ते मला समजून घ्यायचे आहे.

नरडाण्याचा_पाव्हणा

ताई, तुमच्या लेकीची कोठीमागची जागा मला चांगली ओळखीची आहे. माझे वय आज ४१ आहे आणि मी सुरतेला उधन्यात राहतो, पण वयाच्या नवव्या वर्षापर्यंत मी नरडाण्याजवळच्या एका गावात मोठ्या मायजवळ, म्हणजे आजीजवळ, वाढलो. आई-वडील सुरतेत होते. वडील यंत्रमागावर कामाला होते आणि आई घरी साड्यांना टिकल्या लावत असे. एका खोलीत सहा माणसे राहत असल्यामुळे मला गावी ठेवले होते. आमच्या गल्लीत असे सहा-सात जण होतो, त्यामुळे यात कोणाला काही वेगळे वाटत नसे.

सुरतेकडून येणाऱ्या गाडीचा आवाज वारा असला की शेतापर्यंत ऐकू येई. मी विचारले की मोठी माय म्हणायची, ‘रडू नको, तुनी माय दिवाईले येई.’ दिवाळी गेली की आखाजी, आखाजी गेली की कानबाईचा सण. ती खोटे बोलत नव्हती, कारण तिलाही नक्की काही माहीत नसे. पण तिसऱ्यांदा विचारले तेव्हा ती तोंड फिरवून चुलीत फुंकर घालू लागली, आणि चूल तर आधीच पेटलेली होती. मग मी विचारणे सोडून दिले. पुढे गावभर सगळे म्हणू लागले की हा पोरगा किती शहाणा, आई-बापाचे नावसुद्धा काढत नाही.

तुमची मुलगी फोनवर दोनच वाक्ये बोलते, याचा अर्थ तिला बोलायचे नाही असा घेऊ नका. ती मायच्या समोर बोलत असते. मम्मीची आठवण येते असे म्हटले तर मायला वाईट वाटेल, आणि मायबरोबर मजेत आहे असे म्हटले तर मम्मीला वाईट वाटेल. मी हे दोन्ही हिशेब सहाव्या वर्षी शिकलो होतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. नवव्या वर्षी मला सुरतेला नेले, तेव्हा सगळ्यांना वाटले की आता प्रश्न मिटला. मी लिंबायतच्या मराठी शाळेत जाऊ लागलो आणि रोज रात्री रडत असे. आई म्हणायची, ‘आता तर आमच्याजवळ आहेस, मग रडतोस कशाला?’ मी मोठ्या मायसाठी रडत होतो. माझी अहिराणी ऐकून वर्गातली मुले हसत आणि घरी आई-वडील मला जवळजवळ परके होते. त्यामुळे उद्याच तिची पेटी भरून तिला घेऊन जाण्याची घाई करू नका. ती दुसरी ताटातूट ठरेल.

मनाची_वही

मी जळगावात मुलांसाठी समुपदेशनाचे काम करते. आधी एक व्यवहाराची गोष्ट सांगते. सहा महिन्यांहून अधिक काळ कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, तर ते मनाचेच आहे असे गृहीत न धरता प्रथम डॉक्टरांना दाखवावे. मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता आणि क्वचित प्रसंगी मधुमेह हीसुद्धा कारणे असू शकतात, म्हणून लघवीची तपासणी आवश्यक आहे. ती फार तहानलेली असते का, वजन उतरले आहे का, हेही विचारून घ्या. या काळात तिला ओरडणे, इतरांसमोर त्याची चर्चा करणे किंवा चादर वाळत घालताना टोमणा मारणे पूर्णपणे टाळावे. मुले हे मुद्दाम करत नाहीत.

आता मनाविषयी. १९५१ साली ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात आईच्या सहवासावर फार भर होता, आणि त्यावरून आई दूर असेल तर मूल बिघडणारच असा सोपा निष्कर्ष अनेकांनी काढला. पुढे शॅफर आणि इमर्सन या संशोधकांनी ग्लासगो शहरातील ६० बाळांचा अभ्यास करून १९६४ साली तो प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की दीड वर्षाची होईपर्यंत बहुतेक बाळांचा जीव एकाहून अधिक माणसांवर जडलेला असतो. त्यामुळे तुमची मुलगी सासूबाईंना ‘माय’ म्हणते यात तुमचा नकार मुळीच नाही. तिला दोन घट्ट आधार आहेत, आणि मायेची ऊब तिला मिळते आहे म्हणूनच ती आजवर तग धरून आहे.

तिला धक्का बसला तो तुमच्या जाण्याच्या पद्धतीमुळे, असे मला स्पष्टपणे वाटते. तुम्ही जाणार हे तिला ठाऊक होते. पण आपण खेळात रमलो आणि तेवढ्यात माणसे नाहीशी झाली, हा धडा तिने घेतला. ज्या मुलाला असे वाटते की आपली नजर हटली की माणसे जातात, त्याला झोपेचीही भीती वाटणे स्वाभाविक आहे. तो पदर नाडीला का बांधलेला हवा असतो, याचे उत्तर इथे आहे. ती गाठ सध्या सोडवू नका.

तिची माफी मागा. साध्या शब्दांत सांगा की आम्ही न सांगता गेलो, ते चुकले, पुन्हा असे करणार नाही. यापुढे निघताना ती आकांत करून रडली तरी चालेल, पण तिच्या देखत निघा. मुलाने रडणे आणि मुलाला दुखापत होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे मोठी माणसे पहिलीला घाबरून दुसरी करून बसतात.

पारोळ्याचे_आबा

सर्वांचे लेखन आदराने वाचले, तरीही एक शंका मांडतो. आमच्या पिढीत कोण आईजवळ वाढले? घरात चौदा माणसे असत, आई दिवसभर शेतात आणि पोरे आजीच्या ताब्यात. कोणी समुपदेशन केले नाही आणि कोणी वेडेही झाले नाही. आजी-आजोबांजवळ राहणे हा प्रश्न आहे असे आपण नव्या पिढीच्या मनात भरवत तर नाही ना? ज्या आजी उतारवयात पुन्हा पोर सांभाळतात, त्यांना हे वाचून काय वाटेल?

पाटीवरची_अक्षरे

आबा, तुमची शंका रास्त आहे, विशेषतः शेवटचे वाक्य. परंतु तुमची आई शेतात होती आणि दिवे लागायच्या वेळी घरी येत होती. आजीच्या ताब्यातल्या पोराला आई कुठे आहे हे ठाऊक होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षे शिकवले, त्यातली अठरा वर्षे चाळीसगाव तालुक्यात गेली. तिथे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघत. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणत, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची, आणि हंगाम संपेपर्यंत पाच-सहा महिने घराला कुलूप तरी किंवा म्हातारा-म्हातारी तरी. काही मुले हंगामी वसतिगृहाच्या आधाराने गावात राहत, काही नुसती आजीजवळ.

शिक्षक म्हणून मी एक मोठी चूक केली, ती इथे लिहिते. चौथीच्या वर्गाला मी ‘माझी आई’ हा निबंध दिला होता. मागच्या बाकावरच्या एका मुलाने पानभर लिहिले आणि मग खोडरबराने ते सगळे पुसले. कागदावर उमटलेल्या रेघा मी उजेडात धरून वाचल्या. त्यात आजीच्या पायाच्या भेगा होत्या, ती म्हशीची धार कशी काढते ते होते. हे ‘माझी आई’ या नावाखाली चालणार नाही असे वाटून त्याने ते पुसले होते. त्या दिवसापासून मी निबंधाचा विषय बदलून ‘माझ्या घरची माणसे’ असा केला. पालकसभेच्या चिठ्ठीवरही ‘आई-वडिलांनी यावे’ असे न लिहिता ‘घरच्या मोठ्यांनी यावे’ असे लिहू लागले.

दंगा करणाऱ्या मुलाकडे शिक्षकाचे लक्ष आपोआप जाते. मला काळजी वाटायची ती अति शहाण्या मुलांची. डबा नसला तरी भूक नाही म्हणणारी, सहलीची चिठ्ठी घरी न दाखवणारी, आजीला त्रास नको म्हणून ताप अंगावर काढणारी मुले. वर नरडाण्याच्या दादांनी जे लिहिले आहे, ते मी वर्गात दर वर्षी पाहिले. तापीकाठच्या ताईंनी शाळा उघडताच वर्गशिक्षकांना आखाजीचा प्रसंग मोकळेपणाने सांगावा.

सातपुड्याचे_आजोबा

मी यावल तालुक्यातला ६८ वर्षांचा शेतकरी आहे. मुलगी गेली तेव्हा नातू पाच वर्षांचा होता. जावयाने दुसरे लग्न केले आणि नातू आमच्याकडे आला. आता तो नऊ वर्षांचा आहे. या विषयावर आजी-आजोबांनीही लिहावे असे वाटल्यामुळे लिहितो.

आम्ही त्याला सांगितले होते की आई देवाघरी गेली. त्याने वर्षभर काही विचारले नाही. एकदा मात्र म्हणाला, ‘देव तिला सुट्टी का देत नाही?’ मला उत्तर सुचले नाही. पुढच्या आखाजीला आम्ही पितरांची घागर भरत होतो. घागरीवर डांगर ठेवायचे होते (आमच्याकडे खरबुजाला डांगर म्हणतात), ते मी त्याच्या हातात दिले आणि सांगितले की ही घागर तुझ्या आईची आहे. तो म्हणाला, ‘म्हणजे ती मेली का?’ मी हो म्हणालो. त्याची आजी उठून ओसरीवर गेली. तो बराच वेळ रडला आणि मग सांजोरी आईच्या नावाने वाढायची का, असे त्याने विचारले. त्या दिवसानंतर तो आईविषयी बोलू लागला. आधी आम्हीच त्याचे तोंड बंद करून ठेवले होते, हे मला तेव्हा कळले. आपल्या रीतीभातींत दुःखाला जागा असते, पण पोरांना आपण त्या जागेवरून हुसकून लावतो.

आता आमच्याविषयी. पारोळ्याच्या आबांनी विचारले म्हणून लिहितो. आम्हाला वाचून वाईट वाटत नाही, पण आम्ही थकतो. माझे गुडघे, हिची रक्तदाबाची गोळी, केळीचा भाव पडला की होणारी ओढ, आणि मुलगी गेल्याचे दुःख तर आमचेही आहे. ते कुठे ठेवायचे? पोरगा रात्री उठून माझ्या नाकाजवळ हात धरतो, श्वास चालू आहे का ते बघतो. मी जागा असलो तरी झोपेचे सोंग घेतो. परवा त्याने सरळ विचारले, ‘आबा, तुम्ही गेल्यावर मी कोणाकडे?’ मी म्हणालो, ‘आम्ही कुठे जातो, शंभर वर्षे जगू.’ त्याचा विश्वास बसला नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. समुपदेशक ताई, याला काय उत्तर द्यावे?

मनाची_वही

आजोबा, ज्याने एक मरण पाहिले आहे, त्याला शंभर वर्षांचे वचन पटत नाही. त्याने विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर म्हणजे एका माणसाचे नाव. त्याचा मामा, मावशी, जो कोणी असेल, त्याच्याशी तुम्ही आधी स्पष्ट बोलून घ्या आणि मग मुलाला सांगा की आम्ही आज धडधाकट आहोत, डॉक्टरांकडे नियमित जातो, आणि कधी गरज पडली तर तू अमुक मामाकडे राहशील, मामाला हे ठाऊक आहे. त्याने सुट्टीत त्या घरी आठ-पंधरा दिवस राहूनही यावे. यामुळे मूल घाबरेल असे वाटते, पण बहुधा त्याला झोप लागते.

रात्री तो हात धरेल तेव्हा सोंग घेऊ नका. ‘जागा आहे रे, झोप’ एवढे म्हणा.

तुमच्या स्वतःच्या दुःखासाठीही बोलण्याची सोय आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठी केंद्र सरकारची विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू आहे, तिचा क्रमांक १४४१६ आहे आणि मराठीत बोलता येते. मुलावर काही संकट असेल तर १०९८ हा क्रमांक आहे.

पाटीवरची_अक्षरे

आजोबा, एक माहिती जोडते. आई किंवा वडील गमावलेल्या मुलांसाठी राज्य शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. त्यात १८ वर्षे वयापर्यंत दरमहा २२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करावा लागतो आणि बालकल्याण समितीच्या आदेशानंतर लाभ सुरू होतो. मुलीचा मृत्यू दाखला, नातवाचे आधार कार्ड, शाळेचा दाखला आणि रहिवासी पुरावा जवळ ठेवा. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आजीला एका कार्यालयात ‘बापाची सही आणा’ असे सांगून तीन वेळा परत पाठवले होते, आणि ती बिचारी दर खेपेला नातीला सोबत नेत असे. त्या पोरीने तीन वेळा बापाविषयीचे ते बोलणे उभ्याने ऐकले. कागदांच्या कामाला कृपया मुलाला नेऊ नका, शाळेतल्या कोणाला तरी सोबत न्या.

पारोळ्याचे_आबा

सातपुड्याच्या दादांचे लेखन वाचून माझे पहिले मत मी थोडे मागे घेतो. माझ्या धाकट्या भावाला दोन वर्षे मामाकडे ठेवले होते. आज सत्तरीत तो अजूनही सांगतो की त्याला ‘जत्रेला जाऊ’ म्हणून नेले होते. आम्ही सगळे त्यावर हसत आलो. तो कधी हसला की नाही, हे आज आठवू पाहिले तर आठवत नाही.

तापीकाठची_सून

सर्वांची ऋणी आहे. तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

लघवीची तपासणी केली, काही दोष निघाला नाही. मी तिला फोनवर सांगितले की आम्ही न सांगता गेलो ते चुकले. ती काही बोलली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘माझी चप्पल झोक्याखाली राहिली होती, म्हणून मला पळत येता आले नाही.’ म्हणजे आम्ही जाताना तिने आम्हाला पाहिले होते. हे तीन आठवडे मी रोज आठवते आहे.

सासूबाईंशी बोलणे अधिक अवघड गेले. त्यांनी पहिल्यांदा एवढेच विचारले, ‘माझ्या मायेत काय कमी पडलं?’ मी नरडाण्याच्या दादांचे चुलीचे वाक्य त्यांना वाचून दाखवले. त्या गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या की सासरेही असेच सहा-सहा महिने बाहेर असत आणि त्या स्वतःही पोरांना अशाच ‘येतील’ म्हणून सांगत.

तिला लगेच चाकणला आणायचे नाही, असे ठरवले आहे. तिसरी तिथेच होईल. दिवाळीच्या सुट्टीत ती आणि सासूबाई दोघी आमच्याकडे राहायला येतील, म्हणजे तिला मम्मीचे घर मायच्या सोबतीने पाहता येईल. तोवर महिन्यातून एकदा आमच्यापैकी एक जण गावी जाईल. मी पाळी बदलून मागितली आहे आणि रविवारी सकाळी ९ वाजता फोनची वेळ ठरवली आहे. त्या वेळी सासूबाई मुद्दाम गोठ्यात जातात. पहिल्या रविवारी ती चार मिनिटे बोलली, दुसऱ्या रविवारी अकरा. त्यातली सात मिनिटे मांजरीच्या पिल्लांवर गेली.

अंथरूण अजून आठवड्यातून दोनदा ओले होते. पदराची गाठ आहेच.

पुढच्या भेटीची तारीख सासऱ्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लाल पेनाने गोल करून ठेवली आहे आणि रोज झोपण्यापूर्वी एक घर खोडायचे काम तिला दिले आहे. ती कोणी बघत नसताना दोन घरे खोडते, त्यामुळे खरा हिशेब सासऱ्यांना दुधाच्या वहीत वेगळा ठेवावा लागतो.